पट्टे मोजणाऱ्यांनी हॉल ऑफ फेमवर बोलू नये

रेसलमेनिया हा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम जवळ आला की डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे तिच्या मानकऱ्यांच्या यादीतली, नावे एकेक करून जाहीर होऊ लागतात, आणि पहिले नाव बाहेर पडायचा अवकाश, चाहत्यांमध्ये तोच वाद त्याच शब्दांत आणि त्याच त्वेषाने सुरू होतो. हा माणूस लायक आहे का, याच्याआधी अमक्याला का घेतले नाही, याने मुळात किती वेळा विजेतेपदाचा पट्टा जिंकला होता. वाद घालण्याला माझा आक्षेप नाही. ज्या गोष्टीवर जीव असतो तिच्यावरून माणूस भांडणारच, आणि मीही भांडतो. माझा संताप आहे तो या वादात वापरल्या जाणाऱ्या मापावर. एखाद्या कुस्तीगिराने वीस-पंचवीस वर्षे हाडे झिजवून केलेल्या कामाचा निवाडा त्याच्या नावापुढचा आकडा वाचून दोन ओळींत केला जातो, आणि बहुतेक वेळा तो करणाऱ्याने त्या माणसाचा एकही सामना पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत पाहिलेला नसतो.

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा हे प्रवर्तक ठरवतो. कोणाच्या नावावर तिकिटे खपतील, कोणाचा करार संपत आला आहे, कोण जायबंदी आहे, दूरचित्रवाणीवर चाललेल्या कथेला पुढच्या महिन्यात कोणते वळण द्यायचे आहे, अशा हिशेबांतून तो निर्णय होतो. मग त्या पट्ट्यांची बेरीज करून कुस्तीगिराची थोरवी ठरवणारे लोक नेमके काय मोजतात? १९९९ मध्ये खुद्द कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहन डब्ल्यूडब्ल्यूएफचा (कंपनीचे तेव्हाचे नाव) चॅम्पियन झाला होता. २००० मध्ये डेव्हिड आर्केट हा सिनेनट डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा जागतिक विजेता झाला. याउलट १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियाच्या मुख्य सामन्यात ज्याच्याविरुद्ध अख्खे प्रेक्षागृह पेटून उठले होते, त्या रॉडी पायपरला डब्ल्यूडब्ल्यूएफचा मुख्य पट्टा कधीच मिळाला नाही. जेक रॉबर्ट्सला तर त्या कंपनीत कोणताच पट्टा मिळाला नाही, आणि तरीही आवाज न चढवता, अगदी हळू बोलून समोरच्याचा थरकाप कसा उडवायचा, हे पुढच्या पिढीतल्या कितीतरी खलनायकांनी त्याच्याकडूनच उचलले. आकडे मोजणाऱ्यांचा न्याय लावला तर आर्केट वर बसतो आणि पायपर खाली राहतो. हा निष्कर्ष त्यांना मान्य आहे का, असे विचारले की विषय बदलला जातो.

शिवाय ज्या आकड्यांची एवढी शपथ घेतली जाते, त्यांच्यावरही एकमत नाही. रिक फ्लेअरच्या जागतिक विजेतेपदांचा अधिकृत आकडा कंपनी १६ सांगते, पण जुन्या काळचे, नंतर हिशेबातून वगळलेले पट्टेबदल धरले तर तो त्याहून मोठा होतो. २०२५ च्या रेसलमेनियात जॉन सीनाने सतराव्यांदा जागतिक पट्टा जिंकला तेव्हा विक्रम मोडला की नाही यावरच लोक हमरीतुमरीवर आले, आणि सीनाने दोन दशके प्रेक्षकांचे प्रेम आणि हुर्यो दोन्ही झेलत रिंगमध्ये नेमके काय केले, हे त्या गदारोळात कोणाला आठवलेही नाही.

सर्वांत जास्त चीड मला येते ती कोको बी. वेअर या कुस्तीगिराच्या नावाच्या वापराची. २००९ साली, स्टीव्ह ऑस्टिनसारख्या बड्या ताऱ्याच्याच वर्षी, त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले आणि तेव्हापासून त्याचे नाव शिवीसारखे फेकले जाते. ‘कोको आत आहे म्हणजे कोणीही आत जाऊ शकतो,’ हे वाक्य दर वर्षी कोणीतरी स्वतःचे म्हणून ऐकवतो आणि बाकीचे माना डोलावतात. त्या सगळ्यांना मी २२ नोव्हेंबर १९९० ची सर्व्हायव्हर सिरीज, कंपनीचा दर वर्षीचा कार्यक्रम, पुन्हा पाहायला सांगतो. काळी टोपी घातलेला, फिकट चेहऱ्याचा, कोणाच्याही ओळखीचा नसलेला एक उंच माणूस त्या रात्री पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दिसला. त्याचे नाव अंडरटेकर. त्याने ज्याला सर्वांत आधी बाद केले तो कोको होता. अंडरटेकरने त्याला उलटा धरला, दोन्ही मांड्यांच्या मध्ये डोके येईल असा, आणि गुडघ्यांवर आपटला. या डावात खाली डोके असलेल्या माणसाची मान दुसऱ्याच्या गुडघ्यांच्या भरवशावर असते, आणि त्यानंतर त्याने जराही न हलता पडून राहायचे असते, कारण तो हलला तर समोरच्या माणसाची दहशत तिथल्या तिथे संपते. कोको हलला नाही. पुढे तीन दशके लोकांच्या मनात राहिलेल्या त्या दहशतीचा पाया त्या क्षणी घातला गेला, आणि त्यात निम्मा वाटा चटईवर पडलेल्या माणसाचा होता.

दुसरा प्रसंग ११ जानेवारी १९९३ चा, ‘रॉ’ या कार्यक्रमाच्या पहिल्या भागाचा. त्या भागातला पहिला सामना योकोझुना आणि कोको यांचा होता. कोकोचे वार त्या अवाढव्य माणसावर चालत नाहीत, तो पुन्हा धावून जातो, पुन्हा आपटला जातो, आणि शेवटी कोपऱ्यात आडवा पडलेला असताना योकोझुना दोरांवरून त्याच्या छातीवर बसकण मारतो. त्याच वर्षीच्या रेसलमेनियात योकोझुना चॅम्पियन झाला. तो अजिंक्य आहे यावर प्रेक्षकांनी विश्वास ठेवला, कारण कोणीतरी आपले अंग त्याच्याखाली देऊन तो विश्वास निर्माण केला होता. हरणे हेही या व्यवसायातले काम आहे, आणि ते चांगले करणारी माणसे नसतील तर तुमच्या आवडत्या चॅम्पियनच्या पट्ट्याला कवडीची किंमत उरणार नाही. ज्यांना हे कळत नाही त्यांनी कोकोच्या नावाने खडे फोडण्याआधी निदान हे दोन सामने पाहावेत. दोन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही.

आता दुसरा पंथ. हे लोक प्रत्येक वादात शेवटी येतात आणि वरच्या सुरात सांगतात की हॉल ऑफ फेम हे सगळे थोतांड आहे, त्याला इमारत नाही, मतदान नाही, नियम नाहीत, तर त्यावर बोलायचेच कशाला. त्यांची माहिती खरी आहे. १९९३ मध्ये आंद्रे द जायंटच्या निधनानंतर त्याच्या एकट्याच्या नावाने हे सुरू झाले, १९९६ नंतर बंद पडले आणि २००४ मध्ये पुन्हा सुरू झाले. कोणाला घ्यायचे ते कंपनी ठरवते आणि कारणे कोणाला सांगत नाही. रेसलिंग ऑब्झर्व्हर या कुस्तीविषयक वार्तापत्राच्या हॉल ऑफ फेममध्ये निदान जाणकारांचे मतदान होते आणि आत जायला ६० टक्के मते लागतात. इथे तसे काहीच नाही, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण मग या मंडळींनी कंपनीकडे नियम मागावेत, निवड कोण करते ते विचारावे. तसे त्यांच्यापैकी कोणी करत नाही. ते फक्त इतर चाहत्यांना मूर्ख ठरवतात आणि निघून जातात.

आणि ज्यांच्यासाठी हा मान असतो, त्या माणसांचा विचार त्यांच्या मनाला शिवतही नाही. ही कंपनी आपल्या कुस्तीगिरांना कर्मचारी मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. त्यांची संघटना नाही, निवृत्तिवेतन नाही. मान, पाठ, गुडघे खर्ची घालून पन्नाशीत घरी बसलेल्या माणसाला एका रात्री मंचावर उभे राहून आपल्या बायकोमुलांसमोर, जुन्या सोबत्यांसमोर चार शब्द बोलायला मिळतात, आणि त्याच्या कामाची या व्यवसायाने उघडपणे दिलेली पावती बहुधा तेवढीच असते. ब्रुनो सॅमार्टिनोने दोन कारकिर्दी मिळून अकरा वर्षांहून अधिक काळ हा पट्टा सांभाळला होता. व्यवसायात शिरलेली स्टेरॉइड्स आणि अश्लीलता पटत नाही म्हणून त्याने अनेक वर्षे हा सन्मान नाकारला. २०१३ मध्ये तो आला तेव्हा सोहळा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता, जिथे त्याने वर्षानुवर्षे गर्दी खेचली होती. त्या भाषणाला थोतांड म्हणायची हिंमत कोणाची असेल तर त्याने ते आधी पूर्ण ऐकावे.

प्रसिद्ध पाहुण्यांवरून होणाऱ्या भांडणाविषयी मला फार बोलायचे नाही. पीट रोझ, डोनाल्ड ट्रम्प, स्नूप डॉग हे सगळे वेगळ्या विभागात आहेत, त्यांच्यामुळे कोणा कुस्तीगिराची जागा अडत नाही. तरीही चाहत्यांची निम्मी शक्ती दर वर्षी तिथेच खर्च होते, आणि जिथे खरोखर अन्याय झाला आहे तिथे बोलायला कोणी उरत नाही. चायना ही कुस्तीगीर म्हणजे रॉयल रंबल या अनेक जणांच्या सामन्यात उतरलेली पहिली स्त्री, १९९९ मध्ये पुरुषांना हरवून इंटरकाँटिनेंटल हा दुय्यम पट्टा जिंकणारी स्त्री. तिला २०१९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, डी-जनरेशन एक्स या गटाची एक सदस्य म्हणून आत घेतले गेले. तिच्या एकटीच्या नावाने मान द्यायला काय अडचण होती?

ओवेन हार्टच्या बाबतीत तर चाहत्यांनी सगळी पातळी सोडली आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीमध्ये छतावरून दोरीने खाली सोडण्याच्या प्रवेशाच्या वेळी तो कोसळून मरण पावला, आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. त्याची पत्नी मार्था हार्ट हिने तेव्हापासून आजवर कंपनीच्या हॉल ऑफ फेमला संमती दिलेली नाही. दर वर्षी ओवेनचे नाव निघते आणि दर वर्षी काही चाहते त्या बाईंना दोष देतात, त्या हट्टी आहेत, नवऱ्याचा मान अडवून बसल्या आहेत, असे लिहितात. ज्या कंपनीच्या कार्यक्रमात आपला नवरा गेला, त्या कंपनीच्या मंचावर जाऊन हसतमुखाने फलक स्वीकारायचा की नाही, हे त्याच ठरवतील. ओवेनचे सामने पाहायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. १९९४ च्या रेसलमेनियात त्याने सख्ख्या भावाला, ब्रेटला, कसे हरवले ते पाहा. त्याची आठवण जपायची असेल तर एवढे पुरे आहे, त्यासाठी एका विधवेला धारेवर धरावे लागत नाही.

आपल्याकडच्या चाहत्यांचे वागणे याहून वेगळे नाही. २०२१ मध्ये द ग्रेट खलीला हा सन्मान मिळाला तेव्हा एका बाजूला तो भारतीय आहे एवढ्यावरच छाती फुगवणारे होते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या संथ चालीची नक्कल करून दात काढणारे. या माणसाच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवरच्या गाठीची शस्त्रक्रिया २०१२ मध्ये झाली होती, आणि त्याच आजाराने वाढवलेले शरीर घेऊन तो रिंगमध्ये उतरत होता. त्याच्या कामावर टीका करा, मीही करतो, त्याचे बरेच सामने कंटाळवाणे होते. पण आजारावर हसणे हा कुस्तीचा अभ्यास नव्हे, आणि देशाचे नाव हा कामाचा पुरावा नव्हे.

खलीवरून तासन्‌तास भांडणाऱ्या अशाच एकाला मी विचारले की दारासिंग हॉल ऑफ फेममध्ये कधी गेले. ‘ते कुठे आहेत त्यात?’ असे त्याने मलाच उलट विचारले. दारासिंग २०१८ साली लेगसी नावाच्या विभागात गेले. हा विभाग २०१६ मध्ये सुरू झाला आणि त्यात जुन्या काळातली, बहुतेक दिवंगत माणसे घातली जातात. त्यांच्यासाठी ना कोणी परिचय करून देत, ना कोणाचे कुटुंब मंचावर येऊन बोलत. एक छोटी चित्रफीत दाखवली की काम संपले. लू थेझ हा अमेरिकी विजेता, ज्याच्यासमोर उभे राहणे हीच एके काळी परीक्षा मानली जायची, तो याच विभागात आहे. अनेक वर्षे स्त्रियांचे विजेतेपद राखणारी मिल्ड्रेड बर्क इथेच आहे. मेक्सिकोचा एल सांतो इथेच आहे. १९६८ मध्ये मुंबईत त्याच लू थेझला हरवणारे दारासिंगही इथेच आहेत. त्यांना मुख्य सोहळ्यात पाच मिनिटे द्या, त्यांच्या घरच्यांना बोलू द्या, ही मागणी चाहत्यांनी लावून धरली असती तर कंपनीला ती ऐकावी लागली असती, कारण चाहत्यांच्या ओरडण्यापुढे तिने याआधीही निर्णय फिरवले आहेत. पण २०१८ मध्ये सगळी ओरड चालली होती ती किड रॉक या गायकाला का घेतले म्हणून, आणि दारासिंगांच्या बाजूने बोलणारा एकही चाहता मला भेटला नाही.