पंच नाही तर खेळ कसला? काकाजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकाजी, नमस्कार.

आमच्या एअरसॉफ्टवरची, म्हणजे प्लास्टिकचे मणी मारणाऱ्या बंदुकांच्या लुटुपुटूच्या लढाईवरची, तुमची प्रतिक्रिया सकाळपासून तीनदा वाचली. एक, ज्यांना फौजेत जमलं नाही ते प्लास्टिकच्या बंदुका घेऊन हौस भागवतात. दोन, क्रिकेटमध्ये निदान पंच तरी असतो. ज्या खेळात गोळी लागल्याची खूणही राहत नाही, तिथे खिलाडूवृत्तीच्या गप्पा कशाला. दोन्ही झोंबलं. तुम्ही स्वतः फौजेत बावीस वर्षं काढलीत, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

पहिला मुद्दा माझ्यापुरता खरा आहे. मी कामठी रोडवर वाढलो. शाळेत जाताना फौजी ट्रकांची रांग दिसली की सायकल थांबवून सलाम ठोकायचो. एखाद्या जवानाने हसून हात हलवला की दिवस सार्थकी. पुढे एसएसबीला, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या निवड चाचणीला, दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पाचव्या दिवशी, कॉन्फरन्सनंतर, बॅग उचलून स्टेशनवर आलो. आता चाळिशी आली, बुटीबोरीत नोकरी करतो. एअरसॉफ्ट सुरू केलं तेव्हा मनात तेच जुनं होतं. घरी मात्र 'फिटनेससाठी' असं सांगितलं. बायकोने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडला.

पण बाकीच्यांना माझ्या दावणीला बांधू नका. आमच्यातला एक जण खेळापेक्षा बंदुकीचा गिअरबॉक्स उघडून बसण्यात जास्त रमतो. एक फिजिओथेरपिस्ट ताई येतात, त्यांना फक्त जिंकायचं असतं. एक तर नंतरच्या तर्री पोह्यांसाठीच येतो असा माझा दाट संशय आहे. आणि हे अमेरिकेचं फॅड नव्हे. हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला, जिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य. तुमच्या काळजीपोटी एक सांगतो : बंदूक बॅगेबाहेर निघते ती मैदानावरच, आणि फौजी गणवेशासारखे कपडे आमच्याकडे चालत नाहीत. तो नियम मीच धरून बसलो.

आता पंचाचं. पेंटबॉलमध्ये रंग फुटतो, वाद मिटतो. आमचा बीबी म्हणजे ६ मिलिमीटरचा, ०.२० ग्रॅमचा प्लास्टिकचा मणी. खेळाआधी प्रत्येक बंदूक क्रोनोवर, म्हणजे मण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतो, मर्यादा सेकंदाला ३३० फूट, म्हणजे साधारण १ ज्यूल. जवळून लागला तर माणूस कळवळतो. पण चाळीस मीटरवर पोचेपर्यंत त्यातला जोर इतका ओसरतो की जाड जॅकेटवर किंवा पाठीवरच्या बॅगवर पडलेला पळताना खरंच कळत नाही. म्हणून लागूनही खेळत राहणाऱ्याला, ज्याला 'झॉम्बी' म्हणतात, लगेच खोटारडा ठरवायचं नाही. मैदानावर लक्ष ठेवायला मार्शल असतो, पण तो एकटा, नजर तरी किती ठिकाणी ठेवणार! ज्याला लागलं त्याने हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. दुसऱ्याचा हिट आपण ओरडायचा नाही, शंका असेल तर मार्शलला सांगायचं. दोनदा समज देऊनही न सुधारलेल्या एकाला आम्ही 'घेऊन जा गे मारबत' करून कायमचं घरी पाठवलंय.

तुम्ही क्रिकेट काढलंत म्हणून विचारतो. १९८० ची वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी तुम्हाला आठवत असेल. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिलं होतं. आपला कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावलं, आणि तो सामना आपण १० गड्यांनी हरलो. पंच होता, निकाल आपल्या बाजूने होता. मग विश्वनाथला कोणी अडवलं?

मी विश्वनाथ नाही, हेही सांगून टाकतो. मागच्या हिवाळ्यात काटोल रोडच्या पुढे एका मित्राच्या शेतात खेळत होतो. जुन्या गोठ्याच्या भिंतीआड शेवटचे दोघे उरलो, मी आणि एकोणीस वर्षांचा एक पोरगा. माझ्या छातीवरच्या पाऊचवर 'टक्' असं वाजलं. मला स्पष्ट कळलं. आसपास कोणी नव्हतं. मी हात वर केला नाही, वळलो आणि त्याला टिपलं. तो उठला, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "हिट." आमची टीम जिंकली. वीस वर्षं मनात बाळगलेला सैनिक तो हाच, हे तेव्हा गोठ्यात उभं राहून मला कळलं, आणि अजिबात आवडलं नाही.

पोह्यांच्या ठेल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो तर्री ओतत होता. "माहीत होतं ना भाऊ. वाजलेलं मी पण ऐकलं."

"मग बोलला काऊन नाही?"

"दुसऱ्याचा हिट आपण ओरडत नाही ना."

येत्या रविवारी सकाळी सातला काटोल नाक्यावर जमतोय. मार्शल हवाच आहे, तुम्ही या. डोळ्यांवर गॉगल लागेल, माझ्याकडे जास्तीचा आहे.