चमकतं तेच अस्सल? साफ चूक

सरकारी स्मारक नाणी आणि पदकांबद्दलचा एक मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आरशासारखं चकाकतं तेच अस्सल, मंद दिसतं ते नकली, प्रूफमध्ये (म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारख्या पाडलेल्या नाण्यात) चांदी जास्त, काळं पडलेलं टूथपेस्टने नाहीतर चिंचेने घासून घ्या, आणि मग ते लाखांत विका. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. घासण्यामुळे तर वस्तूचं कायमचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चकाकीपासून सुरुवात करू. पृष्ठभाग चमकदार ठेवायचा की मंद, हे टांकसाळ ठरवते. प्रूफ नाण्यासाठी चकती आणि ठसा दोन्ही पॉलिश करतात, ठशातला चित्राचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात आणि एकाहून जास्त वेळा दाब देतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरसा होते आणि चेहरा दुधी उठतो. साध्या, म्हणजे यूएनसी (अनसर्क्युलेटेड, चलनात न फिरलेल्या) नाण्यावर ही मेहनत नसते. मॅट पदकाचा पृष्ठभाग बारीक कणांच्या माऱ्याने खरखरीत केलेला असतो. अँटिक फिनिशमध्ये चांदी गंधकाच्या रसायनाने काळी करून फक्त उंचवटे पुसून उजळतात, म्हणजे खोलगट रेषा गडद राहतात आणि चित्र उठून दिसतं. ब्राँझच्या पदकांचा तपकिरी रंगही बहुतेकदा कारखान्यातच दिलेला असतो. आपल्या तांबट आळीतल्या हंड्यावरचं मठारकाम, म्हणजे हातोडीने उमटवलेली ठिपक्यांची नक्षी, कुणी 'पोचे पडलेत' म्हणून ठोकून सपाट करायला नेत नाही. मग पदकाच्या मंदपणालाच दोष का द्यायचा?

शिवाय चकाकी हा जुनेपणाचा पुरावा तर मुळीच नाही. ब्रिटिशकालीन नाण्यांचे प्रूफ नमुने आपल्याच टांकसाळींनी संग्राहकांसाठी नंतर पुन्हा पाडून दिले आणि हे काम 1970 पर्यंत चाललं. म्हणजे राणीच्या काळातलं साल असलेला लखलखीत रुपया विसाव्या शतकात पाडलेला असू शकतो. तोही सरकारीच, पण किंमत वेगळी. जुन्या बाजारात रविवारी असा रुपया कुणी पुढे केला, तर हे लक्षात असू द्या.

चांदीचा मुद्दा एका उदाहरणात मिटतो. लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त 2007 मध्ये शंभर रुपयांचं नाणं निघालं. वजन 35 ग्रॅम, व्यास 44 मिलिमीटर, त्यात निम्मी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. फिनिश बदललं म्हणून धातूचं प्रमाण बदलत नाही. प्रूफचे जास्तीचे पैसे मेहनतीचे आणि पॅकिंगचे असतात.

आता घासण्याबद्दल. दिवाळीआधी देव घासायची आपली सवय आहे आणि देवांसाठी ती ठीकच आहे. पण संग्राहकाच्या लेखी स्मारक नाण्याची बरीचशी किंमत त्याच्या वरच्या पातळ थरात असते. यूएनसी नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा: प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरताना दिसेल. ठशाचा दाब बसताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे हे होतं. टूथपेस्टमधली भुकटी त्या रेषाच खरवडून काढते. घासलेलं नाणं भिंगाखाली धरलं की बारीक ओरखडे दिसतात, बहुधा एकाच दिशेचे, आणि फिरणारा पट्टा गायब. प्रूफच्या आरशावर तर मऊ कापडसुद्धा खुणा सोडतं. अँटिक पदक चिंचेत बुडवलं, तर कारागिराने मुद्दाम ठेवलेली काळी छटाच उतरायला लागते. यातलं मूळ रूप परत आणता येत नाही. मला हे बघवत नाही, कारण घासणारा माणूस प्रेमानेच घासत असतो.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि पावसाळ्यातल्या दमट कपाटात हे लवकर होतं. तो थर तसाच राहू द्या. त्यावर निळसर-सोनेरी टोनिंग, म्हणजे काळाने आलेली रंगछटा, आलं असेल, तर जाणकार उलट ते पसंत करतात. रबरबँड, लोकरीचं कापड आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं तेवढी दूर ठेवा. पीव्हीसीतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे हिरवट चिकट डाग पडतात. नाणं फक्त कडांनी धरायचं, कॅप्सूलमध्ये ठेवायचं, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची.

राहिली लाखांची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याच्या जाहिराती फसव्या आहेत, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही. 'आधी नोंदणीचे पैसे भरा' असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. खरंच विकायचं असेल, तर टांकसाळीची मूळ पेटी आणि सोबतचं कार्ड शोधून काढा. दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. आणि नेण्याआधी ते पुसूसुद्धा नका.