कोयना, कडी आणि अठ्ठेचाळीस तास

मंगळवार तळ्याजवळच्या आमच्या कट्ट्याला नाव नाही. एका बंद पडलेल्या गिरणीची पायरी, समोर चहाची गाडी आणि पाऊस आला तर डोक्यावर गिरणीचाच पत्रा. संध्याकाळी सातनंतर ठरलेली माणसं तिथं असतात. मास्तर, शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेले. बापू, मूळचा पाटणकडचा, साताऱ्यात टायरचं दुकान. लॅबवाल्या ताई, रक्तलघवीचे रिपोर्ट देऊन घरी जाताना दहा मिनिटं टेकतात आणि तासानं उठतात. ताईंचा भाचा पिंट्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आणि मी, ज्याच्याकडं बहुतेक वेळा चहाचे पैसे देण्याचं खातं असतं.

त्या दिवशी पिंट्यानं मोबाईल पुढं केला. ‘येत्या ४८ तासांत कोयना परिसरात ७.५ चा भूकंप. नासाचा इशारा. सर्व ग्रुपवर पाठवा.’ खाली तीन लाल दिवे आणि जोडलेले हात.

मास्तरांनी स्क्रीनकडं नजर टाकली न टाकली तोच म्हणाले, “डिलीट कर.”

“का पण? तुम्हीच सांगता ना, विज्ञानात कशालाच शंभर टक्के म्हणायचं नसतं. मग हे शंभर टक्के खोटं कशावरून?”

प्रश्न बरोबर वर्मावर बसला होता. मास्तर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बापू मध्ये पडला.

“आरं, मास्तरास्नी काय इचारतूस? कोयनेचं मला इचार. धरणात पानी आडवलं आन् जमीन गुरगुराया लागली. आमचं आबा सांगाया गेलं एका सायबाला. सायब म्हनला, तुमच्या पोटात गुरगुरत आसंल. चार-पाच वर्सांनी आबा त्याच कोयनानगरात पहाटं उघड्यावर बसल्यालं, अंगावर घोंगडं, म्होरं घर भुईसपाट.”

बापूचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण घरात हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की तो ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. भूकंप ६.३ च्या आसपासचा. दोनशेच्या घरात माणसं गेली. धक्का पुण्या-मुंबईपर्यंत कळला, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि पुढं ती भिंत बाहेरून जाड करून घ्यावी लागली.

“म्हंजी आडानी आबा बराबर आन् शिकल्याला सायब चूक,” बापूनं निकाल दिला.

“साहेब चूकच,” मास्तर म्हणाले. “पण साहेब म्हणजे विज्ञान नव्हे. धरण भरायला लागल्यावर धक्क्यांच्या आणि आवाजाच्या तक्रारी इतक्या आल्या की १९६३ मध्ये तिथं भूकंपमापक यंत्रं बसवली. तुझे आबा एकटे नव्हते. कुणी तरी ऐकलं म्हणूनच यंत्रं आली. १९६७ च्या आधीच्या धक्क्यांच्या नोंदी आज आहेत, त्या त्यामुळंच.”

“मंग आधी न्हाय का म्हनत व्हते?”

“कारण दख्खनचं पठार म्हणजे जुना, थंड, हलणार नाही असा खडक, असं सगळे धरून चालले होते. आम्हीसुद्धा पोरांना तेच शिकवलं. भूकंप म्हणजे हिमालय, भूज, आसाम. महाराष्ट्र निर्धास्त. कोयनेनं तो नकाशा बदलला, हा भाग भूकंपाच्या मोठ्या धोक्याच्या झोन चारमध्ये गेला. तरी १९९३ मध्ये किल्लारीला पुन्हा सगळे झोपेतच सापडले.”

इथं कुणी काही बोललं नाही. किल्लारी आम्हाला सगळ्यांना आठवते. त्या वर्षी साताऱ्यातूनही धान्याचे आणि चादरींचे ट्रक गेले होते.

पिंट्यानं चहा संपवला. “म्हणजे सायन्सवाले मान्य करतात, पण माणसं मेल्यावर.”

“मान्य काय करतात ते आधी नीट ऐक. बापू म्हणतो धरणानं भूकंप झाला. मग उजनी बघ. कोयनेत १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी मावतं, उजनीत ११७. उजनीला कोयनेसारखे धक्के का नाहीत?”

बापू गप्प झाला. मला वाटलं आता विषय बदलेल, टायरच्या भावावर जाईल. पण बापू पाटणचा. डोंगराची गोष्ट त्याला सांगावी लागत नाही.

“दरडीसारकं आसंल,” तो जरा वेळानं म्हणाला. “पाऊस समद्याच डोंगरावर पडतोय. पर जो आतनं सुटल्याला आसतोय, त्योच खाली येतोय.”

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “लेका, हेच! हेच वाक्य लिहायला शास्त्रज्ञांना वीस वर्षं लागली. जमिनीत खोल जुनी भेग असते, तिच्यावर ताण हजारो वर्षं साठलेला असतो. धरणाचं पाणी तो ताण तयार करत नाही. पाण्याचं वजन येतं, शिवाय पाणी फटींतून खाली झिरपतं, फटीतला दाब वाढतो आणि एकमेकांवर घट्ट दाबून बसलेल्या दोन कातळांची पकड ढिली होते. भेग तयार नसेल तर कितीही पाणी साठवा, काही होत नाही.”

“पण हे कशावरून?” पिंट्या. आज पोराचं हे दुसरं ‘कशावरून’ होतं. मला तो आवडायला लागला होता.

मग मास्तरांनी जी गोष्ट सांगितली ती मी पहिल्यांदाच ऐकली. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ लष्कराचा रसायनांचा कारखाना होता. त्याचं विषारी सांडपाणी कुठं टाकायचं म्हणून साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल विहीर पाडली आणि १९६२ मध्ये त्यात पाणी दाबून सोडायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत, जिथं कित्येक दशकं कुणाला भूकंप माहीत नव्हता तिथं धक्के बसायला लागले. १९६५ मध्ये एका भूगर्भशास्त्रज्ञानं विहिरीत कधी किती पाणी सोडलं आणि धक्के कधी किती बसले, हे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवले. आधी लष्करानं कानावर हात ठेवले. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं. आणि गंमत अशी की सगळ्यात मोठा धक्का त्यानंतर बसला, १९६७ मध्ये. कोयनेचंच वर्ष.

“आता विरोधकांना वाटणार, बघा, पाणी बंद तरी भूकंप, म्हणजे संबंध नाही,” मास्तर म्हणाले. “पण पाणी आत झिरपत पुढं सरकत होतं. मग हे वादानं सुटणार कसं? तर त्याच राज्यात रेंजली नावाच्या तेलाच्या क्षेत्रात त्यांनी सरळ प्रयोग केला. पाण्याचा दाब वाढवला, धक्के वाढले. दाब उतरवला, धक्के थांबले. परत वाढवला, परत आले. भूकंपाचा नळ चालू-बंद! तोवर ‘धरण आणि भूकंप’ ही अटकळ होती. इथून तिला पाय फुटले.”

“आन् कोयनेत?”

“कोयनेत तसा नळ फिरवता येत नाही, खाली गावं आहेत. पण निसर्गच दर पावसाळ्यात फिरवतो. पाणी चढलं की आणि नंतर काही महिने धक्के वाढतात. पन्नास-साठ वर्षांत पाचाच्या वरचे बावीसएक झाले, सगळे वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यात. वारणेचं धरण भरलं तसे दक्षिणेकडंही सरकले. हर्ष गुप्ता म्हणून मोठे भूकंपशास्त्रज्ञ, त्यांनी आकडे मांडून दाखवलं की आठवड्यात बारा मीटरपेक्षा जास्त वेगानं पाणी चढलं तर पाचाच्या वरचा भूकंप होऊ शकतो. पुढं त्यांनीच लिहिलंय, ही अट आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. हे ‘पण पुरेशी नाही’ लिहिणारा माणूस आणि पिंट्याचा मेसेज लिहिणारा माणूस, यातला फरक बघ.”

ताई इतका वेळ पर्समधल्या पावत्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली. “मास्तर, तुम्ही फार छान छान सांगताय. आमच्याकडं असं गुळगुळीत नसतं. माझे वडील अल्सरनं बारा वर्षं दूध-भातावर काढून गेले. तिखट बंद, टेन्शन घेऊ नका. प्रत्येक डॉक्टर तेच सांगायचा. आणि कारण निघालं जंतू! ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनं १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन दाखवले, तरी लोक मानेनात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अधिकृतपणे अँटिबायोटिक द्या म्हणायला १९९४ उजाडलं. नोबेल २००५ ला. मधल्या दहा वर्षांचा हिशेब कोण देणार?”

याला मास्तरांकडं चटकन उत्तर नव्हतं. मग म्हणाले, “जंतू पिऊन त्यांना अल्सर झाला नव्हता. जठराला सूज आली होती. एकानं पिऊन सूज आली, एवढ्यावर जगाची औषधं बदलायची का? औषध देऊन शेकडो रोग्यांचे अल्सर बरे होऊन परत आले नाहीत, हे दिसायला वेळ लागला.”

“लागला. पण तेवढा नाही. काहींना बदलायचंच नव्हतं.”

“हो. काहींना नव्हतं,” मास्तर म्हणाले. मला वाटतं, त्या संध्याकाळी मास्तरांचं हे सगळ्यात चांगलं वाक्य होतं, आणि ते त्यांनी नाइलाजानं म्हटलं.

पिंट्याला जोर आला. “म्हणजे हाही एक धर्मच झाला. वेगळं बोललं की बाहेर.”

“कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर काय बाहेर होते? जग बिग बँग म्हणतंय, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे, आणि हा माणूस इंग्लंडच्या फ्रेड हॉईलबरोबर सुरुवात नसलेल्या स्थिर विश्वाच्या बाजूनं उभा. १९६५ मध्ये अवकाशातून सगळीकडून येणारे मंद किरण सापडले, ती बिग बँगची खूण मानून बहुतेकांनी स्थिर विश्व सोडलं. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिजबरोबर त्यात दुरुस्ती करून पुन्हा मांडलं. बहुतेकांना ते पटलं नाही. म्हणून त्यांना वाळीत टाकलं? पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली, पद्मविभूषण मिळालं. २०२५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मताच्या विरोधातलेही हळहळले.”

मग अर्थात जन्मपत्रिकेचा प्रयोग निघाला. साताऱ्यात बसून नारळीकरांचं नाव निघालं की दाभोलकरांचं निघतंच. आणि दाभोलकरांचं निघालं की बापू त्यांच्या कबड्डीचं सांगतो, ते मी गाळतोय. प्रयोग असा: नारळीकरांनी दाभोलकर आणि इतरांबरोबर शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि सांगितलं, कोणती कुणाची ते ओळखा. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ५० येतात.

“थोतांड म्हणून मोकळं होता आलं असतं,” मास्तर म्हणाले. “त्यांनी दोनशे पत्रिका जमवल्या.”

“आणि तुम्ही?” ताई.

“मी काय?”

“पिंट्याचा मेसेज तुम्ही पुरता वाचलासुद्धा नाही. आधीच डिलीट म्हणालात.”

मास्तर हसले. “ताई, चाळीस वर्षं असले कागद बघतोय. त्याला अनुभव म्हणतात.”

बापूनं पानाची पिंक टाकली आणि शांतपणे म्हणाला, “त्या सायबालाबी अनुभवच व्हता की.”

गाडीवरच्या स्टोव्हचा आवाज तेवढा राहिला. मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. एरवी ते अशा वेळी विनोद करतात. त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, “आण तो मोबाईल.”

मेसेज त्यांनी मोठ्यानं वाचला, लाल दिव्यांसकट. मग पिंट्याला विचारलं, ७.५ साठी भेग किती लांब फाटायला लागते? पिंट्यानं शोधलं. शंभरएक किलोमीटर. “आणि कोयनेतला हलणारा तुकडा? तीस किलोमीटर. १९६७ पेक्षा साठपट ऊर्जा लागेल. घरच्या उखळात उसाचं गाळप करायला निघालाय हा. दुसरं, तारीख आणि वेळ सांगायची खात्रीची रीत जगात कुणाकडं नाही. चीनमध्ये १९७५ ला हायचेंगला आधी बारके धक्के बसले, लोकांना बाहेर काढलं, हजारो जीव वाचले. सगळ्यांना वाटलं गुपित सापडलं. पुढच्याच वर्षी तांगशानला कसलाच इशारा नाही, अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली.”

“मंग आसं सांगा, काय हुनार न्हाय,” बापू म्हणाला.

“तेही सांगणार नाही. इटलीत लाक्विला शहरात बारके धक्के बसत होते, लोक घाबरलेले. तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांपर्यंत निरोप गेला, निवांत राहा. आठवडाभरात, ६ एप्रिल २००९ ला पहाटे भूकंप, ३०९ मेले. सात जणांना सहा सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढं वरच्या कोर्टानं सहा शास्त्रज्ञांना सोडलं. पण गावातली माणसं सांगायची, एरवी धक्का बसला की आम्ही रात्र बाहेर काढायचो, त्या रात्री आत झोपलो.”

“म्हणजे होणार पण म्हणायचं नाही, नाही होणार पण म्हणायचं नाही,” पिंट्या वैतागला. “मग ग्रुपवर लिहू काय?”

“लिही, साडेसात होण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्याचं कारण हे. पाच-साडेपाचचा कधीही होऊ शकतो, आजही. कपाटं भिंतीला ठोकून घ्या.”

“हे कोण फॉरवर्ड करणार?”

“कुणी नाही,” मास्तरांनी मान्य केलं.

बापूनं तेवढ्यात गावाकडं आईला फोन लावला होता. म्हातारी ऐंशीच्या पुढची, ऐकायला कमी, म्हणून स्पीकरवर. तिच्याकडं तो मेसेज नातवामार्फत दुपारीच पोचला होता.

“आये, कडी लावू नगंस दोन दिस. बाहीर पडाया सोपं.”

“दोन दिस कशाला?” पलीकडून आवाज आला. “सदुसष्टपास्नं लावल्याली न्हाय. तू जेवलास का?”