शाळा वाचवायची, पण कपाटात काय ठेवायचं?

ब्रिटनमधल्या लेस्टरला राहूनही बेळगावचं राजकारण सुटत नाही, फोनवर रोज येऊन पडतं. दुकानांच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असं सांगणारा कर्नाटकचा 2024 चा कायदा, बेळगावच्या विधानभवनात, म्हणजे सुवर्ण विधानसौधात, डिसेंबरात भरणारं कर्नाटकचं अधिवेशन आणि त्याच्या विरोधातला मराठी मेळावा, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमाप्रश्नाचा दावा. या सगळ्यात शाळेचं नाव निघतं ते एकाच कारणानं: मराठी शाळांचा पट घसरतोय, शाळा वाचवा. वाचवायलाच हव्यात. पण त्या शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या पोरांनी अवांतर वाचायचं काय, आणि त्या गोष्टींत असतं कोण, हे कुणी विचारत नाही.

मी विचारलं तर मामा म्हणाले, "पटावर पोरं नाहीत आणि तू गोष्टीच्या पुस्तकांचं काय घेऊन बसलीस? आधी शाळा तर टिकू दे की!"

मामांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मला इथलं थोडं सांगावं लागेल.

ब्रिटनमध्ये 2017 साली निघालेली मुलांची पुस्तकं सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशन या संस्थेनं तपासली. गोऱ्या बहुसंख्याकांपलीकडचं एखादं तरी पात्र असलेली पुस्तकं निघाली फक्त 4 टक्के, आणि मुख्य पात्रच तसं असलेली 1 टक्का. त्या वेळी इंग्लंडच्या प्राथमिक शाळांतलं जवळजवळ दर तिसरं मूल अल्पसंख्याक समाजातलं होतं. आकडा छापून आल्यावर प्रकाशक ओशाळले. 2022 च्या पुस्तकांत असं पात्र असलेल्यांचं प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं आणि पुढच्याच वर्षी 17 वर उतरलं. म्हणजे इथंही सगळं आलबेल नाही. शिवाय जे येतं त्यातलं बरंचसं सणापुरतं. माझ्या मुलीच्या वर्गात दिवाळी आली की दिवाळीचं पुस्तक निघतं, सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघतो, आठवड्यानं पुस्तक परत कपाटात. मला आवडतात ती वेगळी पुस्तकं. त्यातल्या हिजाबवाल्या मुलीचा दात पडतो, तो सापडत नाही, आणि गोष्ट तेवढीच असते. ती कुणाला शहाणं करायला आलेली नसते. उपदेशाचा वास पोरांना लांबूनच येतो.

आता आपल्याकडं या. सीमाभागातला मराठी माणूस म्हणतो, आम्ही इथले आहोत आणि आमच्याकडं बघितलं जात नाही. अगदी खरं. पण आपल्याच शाळेच्या कपाटात आपण कुणाकडं बघतो? गोष्टींतले बाबा ऑफिसला जातात, आई डबा भरते, आजी अंगणात तुळशीला पाणी घालते. निपाणीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी आई त्यात नाही. बेळगावच्या वडगावात विणकरांच्या मागाच्या खडखडाटात अभ्यास करणारं पोर नाही. यल्लम्माला सोडलेल्या बाईचं लेकरू, ज्याला शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहू असा प्रश्न पडतो, ते तर नाहीच. 1982 च्या कायद्यानं देवदासी प्रथेवर बंदी आली, ती लेकरं गोष्टीत मात्र आली नाहीत. खानापूरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या मुलाला गोष्टीत भेटतो सिंह, आणि त्याच्या तालुक्यातल्या भीमगडच्या गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं वटवाघूळ राहतं, त्यावर एक चित्रपुस्तक नाही. बाबासाहेब आंबेडकर 1925 साली परिषदेसाठी निपाणीला आले होते. हे निपाणीच्या तिसरीतल्या पोराला कुठल्या पुस्तकातून कळणार?

"एवढ्या लहान पोरांना जातपात कशाला दाखवायची?" हा ठरलेला आक्षेप. कर्नाटकात सरकारी शाळांत दुपारच्या जेवणासोबत अंडं देतात, नको असेल त्याला केळं. कोण अंडं घेतं, कोण केळं घेतं आणि कुणाच्या घरचं कोण खात नाही, हे पहिलीतल्या पोराला मास्तरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. जे रोज पंगतीत दिसतं, ते पुस्तकात आल्यानं पोर बिघडत नाही.

भाषेचं मात्र अवघड आहे, आणि तिथं परदेशातून शहाणपण शिकवणं सोपं. एकाच पानावर इंग्रजी आणि गुजराती असलेली पुस्तकं इथल्या वाचनालयात मिळतात, कुणाच्या पोटात दुखत नाही. दुखेल कसं? इंग्रजीला कसली भीती नाही. बेळगावात मराठी-कन्नड जोडपुस्तक काढा म्हटलं की आपली माणसं म्हणणार, कन्नड मागच्या दारानं आत आणताय. ती भीती उगाच नाही. म्हणून माझं म्हणणं, ही पुस्तकं आधी कन्नड शाळांत जाऊ देत आणि महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांतही. दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्याकांसाठी हात सैल सोडला, तर आपल्या शाळेत ती घेताना कुणाला हरल्यासारखं वाटणार नाही. एरवी हीच पोरं बसमध्ये कन्नड, गल्लीत उर्दू आणि घरात मराठी बोलतातच.

पैशाचं रडगाणं फार चालणार नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत, मराठी-कन्नड-उर्दू तिन्हींत. शिक्षकाला त्या उतरवून घेता येतात, आपल्या बोलीत बदलताही येतात. कर्नाटकनं 2020 मध्ये 'ओदुव बेळकु' (वाचनाचा उजेड) मोहिमेतून ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत मुलांना फुकट सभासद केलं. सीमाभागातल्या वाचनालयांना मराठी बालपुस्तकं द्या, ही मागणी घेऊन किती मोर्चे निघाले?

आणि आपल्या हातातलंही आहेच. कडोली, येळ्ळूर अशा गावांत लोक वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दिवसभराच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणं किती, अन् तिसरीतल्या पोरासाठी काय? त्यातलं एक सत्र विडी कामगार बायांना, विणकरांना, खानापूरच्या गवळ्यांना द्या. त्यांनी त्यांच्या लहानपणाचं सांगायचं, गावातल्याच चित्रकला शिक्षकानं चित्रं काढायची, आणि वर्गणीतून सोळा पानांचं एक पुस्तक छापायचं. मामा, छपाईचा पहिला खर्च मी पाठवते. सत्र मिळवून द्यायचं काम तुमचं.