ॲक्शनवर बंदी घातली कुणी?

जुन्या ब्रिटिश कॉमिकांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘१९७६ साली ब्रिटिश सरकारने ॲक्शन या साप्ताहिकावर बंदी घातली. ते कायमचं बंद पडलं, सगळे अंक नष्ट केले गेले, आणि त्यातूनच २००० एडी हे विज्ञानकथांचं साप्ताहिक जन्माला आलं.’ गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही.

सरकारचंच आधी घ्या. मुलांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध ब्रिटनमध्ये १९५५ पासून कायदा होता. अमेरिकी भयकथांची कॉमिकं डोळ्यांपुढे ठेवून तो केलेला. ॲक्शनला तो लावलाच नाही. ना खटला, ना जप्ती. अंक मागे घेतला तो आयपीसी या प्रकाशकानेच.

का, ते बघण्यासारखं आहे. १४ फेब्रुवारी १९७६ ला सुरू झालेलं, पॅट मिल्सने उभं केलेलं हे साप्ताहिक मुद्दामच आडदांड होतं. हुक जॉ हा शार्क जबड्यात रुतलेला आकडा मिरवत सज्जन-दुर्जन न बघता माणसं फस्त करायचा. हेलमनच्या युद्धकथेचा नायक तर चक्क जर्मन रणगाडा अधिकारी! पेपरवाले सुरुवातीपासून मागे लागले होतेच. किंमत सात पेन्स, म्हणून ‘सात पेन्सांचं दुःस्वप्न’ असं हिणवूनही झालं.

भडका उडाला सप्टेंबरमध्ये. १८ तारखेच्या अंकावर कार्लोस एझकेराचं चित्र: साखळी उगारलेला पोरगा, खाली पडलेला माणूस, जवळच पोलिसाचं हेल्मेट. बघणाऱ्यांनी अर्थ लावला, पोरं पोलिसाला बडवताहेत. त्यातच लेफ्टीच्या फुटबॉलकथेत त्याची मैत्रीण प्रेक्षकांतून बाटली भिरकावते आणि वर शाबासकी मिळवते. मैदानांवरच्या हुल्लडबाजीने इंग्लंड आधीच वैतागलेलं, त्यात हे. टीव्हीवरच्या हिंसा-अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांची संघटना तुटून पडली. बीबीसीच्या नेशनवाइड या टीव्ही कार्यक्रमात निवेदक फ्रँक बॉफने आयपीसीच्या जॉन सँडर्सला धारेवर धरलं. मोठे विक्रेते अंक ठेवायचे बंद होतील ही धास्तीही होती, असं सांगतात. मला ते पटतं. प्रकाशक नीतीपेक्षा दुकानदाराला जास्त भितो.

२३ ऑक्टोबरचा छापून झालेला अंक लगद्यात गेला, हे खरं. पण तो एकच अंक. त्याच्याही काही प्रती वाचल्या आणि संग्राहक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. १६ ऑक्टोबरपर्यंतचे अंक रीतसर विकले गेले होते. ते कुणी घरोघर जाऊन गोळा केले नाहीत.

‘कायमचं बंद’ हेही चूक. ४ डिसेंबरला ॲक्शन परत आलं. मवाळ होऊन, जुन्या वाचकांच्या मते पार बेचव होऊन, पण आलं. १२ नोव्हेंबर १९७७ पर्यंत चाललं आणि पुढच्या आठवड्यात बॅटल या युद्धकथांच्या साप्ताहिकात विलीन झालं. ब्रिटनमध्ये तेव्हा ही सर्रास रीत होती: एक साप्ताहिक दुसऱ्यात मिसळायचं आणि चालणाऱ्या कथा पुढे न्यायच्या. हेलमन तसाच बॅटलमध्ये गेला.

राहिलं २००० एडी. विज्ञानकथांच्या साप्ताहिकाची कल्पना केल्विन गॉसनेलने १९७५ च्या अखेरीसच आयपीसीत मांडली होती, म्हणजे ॲक्शनचा पहिला अंक निघण्याआधी. ॲक्शनच्या गदारोळाचा त्याच्या घडणीवर परिणाम झाला असेल, ते नाकारत नाही. पण त्याचा पहिला अंक आला २६ फेब्रुवारी १९७७ ला, आणि त्यानंतर जवळजवळ साडेआठ महिने एकाच प्रकाशकाची ही दोन्ही साप्ताहिकं शेजारीशेजारी विकली जात होती.