कारमारकरांचं नाव राहिलं

तुमच्या लेखात अमेरिकी गणितज्ञ डँट्झिग यांची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे ठरावीक मर्यादांमध्ये सगळ्यात फायद्याचा पर्याय शोधायची रीत, फार सोपी करून सांगितली आहे, पण पुढची गोष्ट राहून गेली. मी ग्वाल्हेरचा, म्हणून जास्तच जाणवलं: या गणिताला नवी वाट देणारे नरेंद्र कारमारकर यांचा जन्म आमच्या गावचा!

सगळे शक्य पर्याय मिळून एक कोपऱ्यांचा आकार होतो असं धरा; सिम्प्लेक्स त्याच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. 1972 मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी असं गणित रचून दाखवलं की तिला सगळेच कोपरे फिरावे लागतात. 1979 ची खाचियान यांची पद्धत कागदावर भक्कम, प्रत्यक्षात मात्र संथ. 1984 मध्ये कारमारकर अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत असताना त्यांनी त्या आकाराच्या थेट आतून वाट काढली, आणि ती मोठ्या गणितांतही चालली. हे मराठी मुलांना कळायलाच हवं.

असंच गणित आमच्याही कामात येतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं फर्निचरचं काम आहे. 8 बाय 4 फुटी प्लायमधून 30 इंची पल्ले (दारांच्या फळ्या) कापले की बाजूला 18 इंची पट्टी उरायची, ती भंगारात जायची. भाचीने कॉम्प्युटरवर सगळ्या ऑर्डरी एकत्र मांडल्या. करवतीची खाच 3 मिलिमीटर खाते, हेसुद्धा तिने धरलं. आता त्याच पट्टीतून 17 इंची फळ्या निघतात. फक्त इथे उत्तर पूर्णांकातच लागतं, साडेतीन पल्ले कापून चालत नाही. त्यामुळे हे गणित जास्त अवघड होतं. त्यावरही एक लेख लिहा, मी वाट बघतो.