वीज मंडळ, मुक्काम पोस्ट आमचं घर

पुण्यात होतो तेव्हा लाइट जाणं किती सोपं होतं. गॅलरीत यायचं, समोरच्यांचीही गेलीये ना एवढं बघायचं, त्यांचीही गेलेली दिसली की जिवाला बरं वाटायचं, मग वीज कंपनीला, सरकारला आणि उरल्याच तर सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन शिव्या घालून मेणबत्ती शोधत बसायचं. आपलं काम संपलं. पानशेतच्या मागच्या अंगाला वडिलांच्या जागेत घर बांधून राहायला आलो आणि हे सुख कायमचं गेलं. शेवटचा विजेचा खांब ओढ्याच्या पलीकडेच थांबलाय, त्यामुळे आमचं सगळं सोलरवर. छपरावर ३३५ वॉटचे दोन पॅनेल, खाली १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला एक जोडून, म्हणजे २४ व्होल्ट, आणि भिंतीवर २ केव्हीएचा इन्व्हर्टर. थोडक्यात वीजनिर्मिती, वितरण, देखभाल सगळं एकाच छपराखाली आणि तक्रार निवारण कक्ष म्हणजे मी.

दिवाळी उरकली, पाहुणे गेले आणि इन्व्हर्टरने टूं टूं करायला सुरुवात केली. गंमत अशी की दिवे चालायचे, पंखा चालायचा, टीव्हीवर सासवा सुनांचे हाल करत असायच्या, सगळं सुरळीत, आणि मिक्सर लावला रे लावला की 'लो बॅटरी'चा लाल दिवा, टूं टूं टूं, आणि ठप्प. चटणीतलं खोबरं अर्धवट, घरात गुडुप अंधार. मिक्सरचं बटण बंद करून इन्व्हर्टर परत चालू केला की स्क्रीनवर ऐटीत २५.२ व्होल्ट! काय झालंच नाही असा चेहरा. २४ व्होल्टच्या सिस्टिमला २५.२ म्हणजे बॅटरी जवळजवळ पोटभर जेवलेली, आणि हा म्हणतोय लो बॅटरी.

"तुमची लाइट गेली," बायको स्वयंपाकघरातून. एरवी पाहुण्यांसमोर 'आमचं सोलर' असतं, बंद पडलं की माझं एकट्याचं.

आता सल्ले. आपल्याकडे तब्येत आणि इन्व्हर्टर या दोन विषयांत कुणीच अडाणी नाही. मेहुणा फोनवर म्हणाला ढग असतील. इथे ऊन इतकं कडक की पापड दुपारपर्यंत वाळत होते, पण तो पुण्यात बसून ढगांवर ठाम. गावातला वायरमन आला, दारातूनच, खिशातला हात बाहेर न काढता बघितलं आणि म्हणाला "बॅटरी गेली." दुकानदाराने तर बघायचीही तसदी घेतली नाही, फोनवरच, "साहेब, बॅटरी गेली, जोडीचे ३० हजारांच्या आसपास होतील, जुनीचे वजा करू." सगळे 'गेली' असं इतक्या गंभीरपणे म्हणायचे की बॅटरीच्या फोटोला हार घालायचंच बाकी होतं. अहो पण बॅटऱ्यांना जेमतेम दोन वर्षं झालीत, पाणी मी स्वतः घालतो, डिस्टिल्ड, अशी कशी जाईल?

म्हणून हायड्रोमीटर आणला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. बॅटरीच्या प्रत्येक खान्याचं झाकण उघडून अ‍ॅसिड ओढायचं आणि काटा कुठे तरंगतो ते बघायचं. दोन बॅटऱ्या म्हणजे बारा खाने, सगळीकडे अ‍ॅसिडची घनता १.२२० ते १.२३०. एखादा खाना मेला असता तर तिथेच काटा बुडाला असता. म्हणजे बॅटरी जिवंत आहे आणि सगळे मिळून तिचं तेरावं घालायला निघालेत. या तपासात अ‍ॅसिडचा एक थेंब लुंगीवर पडला, तेव्हा काहीच दिसलं नाही, धुतल्यावर तिथे गोल भोक. त्यावर जे ऐकावं लागलं ते इन्व्हर्टरच्या टूं टूं पेक्षा लांबलं.

मग राहिला कस्टमर केअर. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त घरामागच्या खडकावर येते, तीसुद्धा धरणाकडे तोंड करून उभं राहिलं तर. तिकडून ताई गोड आवाजात म्हणाल्या, सर, प्रॉडक्टसमोर उभे राहा. म्हटलं ताई, प्रॉडक्टसमोर रेंज नाही आणि रेंजसमोर प्रॉडक्ट नाही. मग बायकोला ओसरीत उभं केलं. ताई मला विचारणार, मी खडकावरून ओरडणार, बायको आत जाऊन स्क्रीन बघून येणार आणि ओसरीतून ओरडणार.

"सर, कोणता लाइट ब्लिंक करतोय?"

"अगंऽऽ कुठला दिवा लुकलुकतोयऽऽ?"

"लाऽऽल! आणि दूध उतू गेलंऽऽ!"

"ताई, लाल. दूध तुमच्यासाठी नाही."

खालच्या वाडीतली माणसं काम सोडून बांधावर उभी. ताईंनी सिरियल नंबर मागितला. तो या दिव्य यंत्राच्या पाठीमागे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला चिकटवलेला असतो, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या भिंतीवर टांगायची इच्छा आहे. बायकोने फटीत आरसा घातला आणि टॉर्च मारून उलटा नंबर सुलटा करून ओरडून सांगितला. ताई म्हणाल्या सर, एकदा बंद करून चालू करा. म्हटलं तो स्वतःच ते करतोय, तीच तर तक्रार आहे. "तुमची तक्रार नोंदवली आहे सर, इंजिनियर भेट देतील." इंजिनियरना आमच्या रस्त्याची माहिती असावी, कारण ते आलेच नाहीत.

आले ते तात्या. तात्या वाडीतले, वय ऐंशीच्या पुढे, उभा जन्म जीप चालवण्यात गेलेला. खडकावरची आरडाओरड ऐकून काठी टेकत आले, चहा घेतला, मग बॅटऱ्यांकडे बघत म्हणाले, "दिवं चालत्यात, पर मिक्सर न्हाई?" म्हटलं हो. "आमची जीपबी अशीच. हारन वाजायचा, दिवं लागायचं, आन् स्टाटर मारला की टक्. मग खाली उतरून बॅटरीच्या नटावर पान्यानं एक ठोका द्यायचा." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी काठीच्या मुठीने दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलच्या टोकाला एक ठोका दिलासुद्धा. "लाव मिक्सर."

मिक्सर चालला! साधारण अर्धी चटणी होईपर्यंत. मग परत टूं टूं.

पण तात्यांनी धागा हातात दिला होता. मल्टीमीटर काढला. इतके दिवस मी तो नुसता लावून बघत होतो, लोड नसताना, म्हणजे मिक्सर-बिक्सर काही चालू नसताना, आणि लोड नसताना जगातली प्रत्येक बॅटरी गुणी असते. आता मिक्सर चालू ठेवायला बायकोला बसवलं आणि एकाच वेळी दोन ठिकाणी मोजलं. दोन्ही बॅटऱ्यांचे शिशाचे टर्मिनल मोजून बेरीज केली तर २४ च्या वर. इन्व्हर्टरच्या पायाशी मोजलं तर २१ च्या खाली घसरतंय. मधले ३ व्होल्ट वाटेतच कुणीतरी खातंय! मिक्सर ७५० वॉटचा, म्हणजे २४ व्होल्टवर तीसेक अँपियर ओढणार, आणि तीस अँपियर जाताना वाटेत ०.१ ओहमचा जरी अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच संपले. दिव्यांना एक-दोन अँपियर पुरतात, त्यांना अडथळा जाणवतही नाही. इन्व्हर्टर बिचारा त्याच्या दारात जेवढं पोचतंय तेवढं बघून लो बॅटरी म्हणत होता, म्हणजे या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तो एकटाच. तात्यांनी ठोकलेल्या लगला, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीला, बोट लावलं आणि झटकन काढलं, चांगलाच तापला होता.

बंद करण्याचा क्रम मात्र नीट पाळला: आधी सगळा लोड बंद, मग पॅनेलचा स्विच, मग इन्व्हर्टर, आणि शेवटी बॅटरीचा नट. पान्याला मुठीपासून वरपर्यंत काळी टेप गुंडाळली, कारण उघडा पाना प्लस आणि मायनसवर एकदम पडला तर वेल्डिंग फुकटात होतं. नट सोडवला तर आत पांढरट हिरवी पावडर साचलेली, आणि लग? लग क्रिंपच केलेला नव्हता, म्हणजे प्रेसमध्ये घट्ट दाबलेला नव्हता, नुसता पक्कडीने चेपून वर टेप मारलेली. केबल ओढली तर अलगद हातात आली. ज्याने बसवलं तो जाताना म्हणाला होता, "पंचवीस वर्षं बघायचं नाही." बघायचं नाही म्हणजे नेमकं काय ते आता कळलं.

गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, पावडर फसफसून निघाली (झाकणं घट्ट लावून बरं का, सोडा आत गेला तर खरंच बॅटरीला हार घालावा लागेल), पॉलिश पेपर मारला, खालच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टर गॅरेजवाल्याकडून तांब्याचा नवीन लग प्रेसमध्ये दाबून आणला, नट आवळले, वरून पेट्रोलियम जेली. लगचे पैसे गॅरेजवाला घेईना, म्हणाला एवढ्याशाचे काय घ्यायचे. मी त्याला दुकानदाराचा ३० हजारांचा आकडा सांगितला तर तो इतका हसला की मला वाटलं आता घेतोय की काय पैसे.

परत आलो, उलट्या क्रमाने सगळं चालू केलं. मिक्सर लावला, फ्रिज त्याच वेळी सुरू झाला तरी स्क्रीनवर २४ च्या खाली काही नाही. तात्यांसाठी भाकरी आणि पूर्ण वाटलेली चटणी गेली.

संध्याकाळी बायको कपड्यांचा ढीग घेऊन बाहेर आली.

"इस्त्री लावू का?"

इस्त्री हजार वॉटची, सूर्य टेकडीमागे गेलेला, फ्रिज चालू. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लोड बघून कळवतो."

"अर्ज कुठे करायचा?"

"उद्या अकरानंतर या."

"आणि तुमचे वरचे साहेब कुठे भेटतील?"

मी खडकाकडे बोट दाखवलं.